पुस्तक हटवायचे तर लेखी आदेश द्या

मा. मंत्री महोदय,
उच्च व तंत्रशिक्षण विभाग, महाराष्ट्र शासन

स. न. वि. वि.

तालुक्याच्या गावी एका अनुदानित वाचनालयात मी बरीच वर्षे ग्रंथपाल आहे. अनुदान आणि तुटपुंजे वेतन यांबद्दल आमच्या संघटना आपल्याला निवेदने देतच असतात. हे पत्र वेगळ्या कारणासाठी आहे.

काही वर्षांपूर्वी आमची तपासणी होती. दाखल नोंदवही, बिले, देवघेवीचे रजिस्टर, सगळे टेबलावर मांडून ठेवले होते. तपासणीला आलेले एक जण कपाटांपाशी फिरता फिरता थांबले, एक पुस्तक काढून चाळले आणि म्हणाले, "हे कशाला ठेवलंय? उद्या कुणी तक्रार केली तर?" एवढेच. शेऱ्यात त्याबद्दल एक अक्षर नाही. पण त्याच संध्याकाळी अध्यक्षांनी ते पुस्तक ऑफिसातल्या लोखंडी कपाटात टाकायला सांगितले आणि मी टाकले. पुढच्या महिन्यात कॉलेजातली एक मुलगी त्याच पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर लिहून घेऊन आली. "बाहेर गेलंय," मी म्हणालो. चिठ्ठीची घडी घालून ती निघून गेली. मी तिच्याशी खोटे बोललो, हे अजून टोचते.

त्या पुस्तकावर बंदी नव्हती. बंदी घालायचीच असेल तर कायद्याने वाट आखून दिली आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 95 होते, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 98 आहे. सरकारला अधिसूचना काढावी लागते, तीत कारणे द्यावी लागतात, आणि त्या पुस्तकाशी हितसंबंध असलेल्याला दोन महिन्यांत उच्च न्यायालयात दाद मागता येते. शिवाजी महाराजांवरील एका इंग्रजी पुस्तकावर राज्याने घातलेली बंदी 2007 मध्ये उच्च न्यायालयात टिकली नाही आणि 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निकाल कायम ठेवला. तो कुणाला पटो न पटो, वाद उघड्यावर झाला, दोन्ही बाजू ऐकल्या गेल्या. आमच्या लोखंडी कपाटाला ना अधिसूचना आहे, ना कारण, ना अपील.

साहेब, नियम नकोत असे मी म्हणत नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यामुळेच खेड्यापाड्यांत वाचनालये तगली. नुसत्या कागदावर चालणारी वाचनालये शोधून बंद करा, आम्ही साथ देऊ. पण वाचनालयाचा अ, ब, क, ड हा वर्ग आणि त्यावरचे अनुदान तपासणीच्या शेऱ्यावर अवलंबून असते. म्हणून साधी कुजबुजही आमच्या कार्यकारी मंडळाला हुकमासारखी वाटते. डिसेंबर 2022 मध्ये एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य वाङ्मय पुरस्कार शासनाने रद्द केला, निवड समितीही बरखास्त केली. ते पुस्तक विकायला मोकळे होते. तरी आमच्या खरेदीच्या बैठकीत त्याचे नाव निघताच सगळे गप्प झाले.

आपण एक परिपत्रक काढावे. तपासणीत खरेदी, नोंदी, वाचकसंख्या, इमारत पाहावी. पुस्तकात काय लिहिले आहे यावर वर्ग ठरू नये. कुणाला एखादे पुस्तक हटवायचे असेल तर त्याने स्वतःच्या सहीने, कारणासह, लेखी द्यावे, आणि ते पत्र वाचकांना पाहायला मिळावे. आणखी एक. कोणी कोणते पुस्तक नेले हे सांगणारे देवघेवीचे रजिस्टर न्यायालयाच्या आदेशाशिवाय कुणालाही दाखवायचे नाही, असे त्यात स्पष्ट असावे. मुलगी काय वाचते हे विचारायला पालक आमच्याकडे येतात, पुढारीही येतात. आज त्यांना नाही म्हणताना माझ्या हातात एक ओळही नाही.

ते पुस्तक मी या सोमवारी पुन्हा मांडणीवर ठेवले आहे, त्याच्या जुन्या जागी, जुन्याच दाखल क्रमांकाने. पुढच्या तपासणीआधी आपले परिपत्रक यावे, ही विनंती.

आपला,
एक ग्रंथपाल