तोंड पाहून मदत नको

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळच्या सुमारास चर्चमधल्या मदतवाटपाच्या बातम्या आपल्या वृत्तपत्रात येतात. ब्लँकेटे, किराण्याच्या पिशव्या, वह्या. वाटणाऱ्यांची तळमळ खरी असते. तरीही त्या रांगेत कोण पोहोचते आणि कोण कायम बाहेर राहते, हे मंडळीतल्या, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांतल्या, जाणत्यांना ठाऊक असते. पाळकांच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंच्या, घरी ज्यांचे येणे-जाणे आहे, ज्यांचा मेव्हणा कमिटीवर आहे, त्यांची नावे यादीत आधी लागतात. कोणी मुद्दाम अन्याय करतो असे नाही. ओळखीची माणसे आधी आठवतात, इतकेच. पण बायबलमध्ये याकोब आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात ज्याला पाप म्हणतो ते नेमके हेच. सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यांतल्याला पायापाशी बसायला सांगणे, हे उदाहरण त्याने मंडळीच्या सभेतूनच घेतले आहे. उपाशी भावाला गोड शब्द बोलून रिकाम्या हाताने वाटेला लावणारा विश्वास निर्जीव आहे, हेही तो त्याच अध्यायात सांगतो.

निःपक्ष प्रीती नुसत्या सदिच्छेने टिकत नाही, तिला व्यवस्था लागते. यरुशलेमच्या पहिल्या मंडळीलाही लागली. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होत होते, असे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात आहे. तक्रार आली तेव्हा प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या प्रमुख शिष्यांनी, मंडळीकडून सात माणसे निवडून घेतली, आणि स्तेफनापासून सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा सुटत होत्या, त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप दिले गेले असावे. आपल्या मदतनिधीच्या समितीतही म्हणूनच बाया हव्यात, भाड्याने राहणारे हवेत, दुसऱ्या जिल्ह्यातून कामाला आलेले हवेत. आणि पूर्वाश्रमीच्या ज्या जातीची घरे मंडळीत थोडी आहेत, त्यांच्यातलेही कोणी हवे. ख्रिस्तात जात उरत नाही असे आपण म्हणतो. पण सोयरीक जुळवताना ती डोके वर काढते, तर यादी करतानाही काढणारच.

साधारण साठ घरांची मंडळी धरली, तर पाच जणांची समिती पुरते. मदत मागायची वाट एकट्या पाळकांच्या दारातून जाऊ नये. तिघांचे फोन नंबर नोटीस बोर्डावर लावावेत, त्यांत एक बाईचा असावा. घरी भेट द्यायला दोघांनी जावे, आणि दोघांपैकी कोणीही त्या घराचा नातेवाईक नसावा. १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झालेली आणि आज आपल्या अनेक कॅथलिक पॅरिशांत काम करणारी सेंट व्हिन्सेंट दी पॉल संस्था गृहभेटीला जोडीनेच जाण्याचा शिरस्ता पाळते. एकटा गेलेला माणूस समोरच्याचे रडणे पाहून हेलावतो, किंवा जुने भांडण आठवून कोरडा राहतो. दोघे असले की एकाची चूक दुसऱ्याच्या लक्षात येते.

भेटीत थोडेच विचारावे. घरात खाणारी तोंडे किती, कमावते हात किती, या महिन्यात भाडे, औषध, फी यांपैकी काय अडले आहे, रेशन कार्डावर धान्य मिळते का. उपासनेला नियमित येता का, हा प्रश्न विचारायचाच नाही. समितीपुढे कागद नावाशिवाय, नुसत्या क्रमांकाने ठेवावा. लहान मंडळीत नाव झाकले तरी घर ओळखू येते, हे खरे. तरी क्रमांकावर बोलताना ‘तो तर दारू पितो’ ही चर्चा लवकर आटोपते. नवरा पीत असेल तर पोरांची फी अडावी, हा कुठला न्याय? फी शाळेत भरावी, औषधाचे पैसे मेडिकलमध्ये. तेही सगळ्यांच्याच बाबतीत करावे, म्हणजे एकाच घरावर अविश्वास दाखवल्यासारखे होत नाही. बैठक महिन्यातून एकदा असली तरी दवाखाना आणि मयत थांबत नाहीत. दोन सभासदांनी मिळून पंधराशे रुपयांपर्यंतचा खर्च त्याच दिवशी करावा आणि हिशेब पुढच्या बैठकीत ठेवावा, अशी मुभा असली पाहिजे. तीन आठवड्यांनी पुन्हा त्या घरी जावे. बहुतेक ठिकाणी हेच राहून जाते. येशूच्या दाखल्यातल्या, जखमी वाटसरूला वाचवणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने उतारशाळेवाल्याला दोन दिनार, म्हणजे दोन दिवसांची मजुरी दिली आणि वर लागेल ते परत येताना देईन असे सांगितले. त्याचे परत येणेही त्या दयेचाच भाग आहे.

शेजारच्या हिंदू, मुस्लिम, बौद्ध घरांसाठी निधीचा एक भाग, निदान चौथा हिस्सा, आधीच वेगळा ठेवावा. त्या पिशवीत धर्मप्रचाराची पत्रिका घालू नये, प्रार्थनेला बसण्याची अट तर मुळीच नको. देव आपला सूर्य वाइटांवर आणि चांगल्यांवरही उगवतो, हे प्रभूचे शिक्षण आहे. मदतीच्या बदल्यात काही मागितले की तिचा सौदा होतो, आणि आमिष दाखवून धर्मांतर केले जाते या विरोधकांच्या आरोपाला आपणच पुरावा देतो. हातात पिशवी देतानाचा फोटोही काढू नये. त्या घरची पोरगी उद्या वर्गात तो फोटो बघणार असते.

पैशाविषयी विचारले की काही ठिकाणी ‘देव पुरवील’ असे उत्तर मिळते. देव पुरवतो, ही आमचीही खात्री आहे. पण ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरांचे उदाहरण देणाऱ्यांनी त्यांचे संपूर्ण उदाहरण द्यावे. १८३६ पासून त्यांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि कोणापुढे हात पसरला नाही; पण जमाखर्चाचा अहवाल नियमित छापला, आणि त्यात देणगीदारांची नावे मिरवली नाहीत. त्या काळी इंग्लंडच्या काही अनाथालयांत प्रवेश वर्गणीदारांच्या मतांवर ठरे, म्हणजे ज्याची ओळख मोठी त्याचे मूल आत. म्युलरांनी ती पद्धत नाकारून अर्जाच्या क्रमाने मुले घेतली. विवाहबंधनात जन्मलेलीच मुले घेण्याचा त्यांचा नियम मात्र आज बोचतो. म्युलरांच्या चरित्रातून बळ घेतलेल्या पंडिता रमाबाईंनी केडगावला त्यापुढचे पाऊल टाकले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, आणि समाजाने पतित ठरवलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन उभारले. प्रेषित पौलानेही यहूदीयातल्या गरिबांसाठी जमवलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. कोणी दोष ठेवू नये म्हणून तीत या आपल्या सहकाऱ्याबरोबर मंडळीतले इतर भाऊ नेमले, असे दुसऱ्या करिंथकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. तेव्हा अर्पण मोजताना दोघे, बँकेत दोन सह्या आणि तीन महिन्यांनी फलकावर जमाखर्च, यात विश्वासाची काहीच कमतरता नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. निधी डिसेंबरात भरतो आणि तिथेच संपतो. शाळेची फी, वह्या, गणवेश जूनमध्ये अडतात, आणि पावसाळ्यात बांधकामाची मजुरी तुटते. म्हणून निम्मी रक्कम जूनसाठी बाजूला ठेवावी. अहिल्यानगर, बीडकडच्या मंडळ्यांनी तर यादी सप्टेंबरातच करावी. ऊसतोडीची कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर मुकादमाची उचल घेऊन कारखान्यांकडे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नाताळच्या रांगेत ती असूच शकत नाहीत, आणि गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आजीला नातवंडे सोडून चर्चपर्यंत चालत येणे जमत नाही. तिची पिशवी समितीने तिच्या दारात नेऊन द्यावी.

आपले,
मंडळीच्या मदतनिधीचे काम पाहणारे काही ख्रिस्ती वाचक