जाड कादंबरी कट्ट्यावर वाचायची तर एका प्रतीत भागत नाही

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एक टिपण आलं होतं, हल्ली पाचशे-सातशे पानांच्या कादंबऱ्या वाचतंय कोण, लोकांना वेळ कुठाय, असा सगळा सूर. ते वाचल्यापासून डोक्यात तेच चाललंय म्हणून आज दुकान बंद केल्यावर लिहायला बसलो. पत्र जरा लांबेल, तुम्हाला काटछाट करावी लागली तर करा, पण शेवटचा परिच्छेद तेवढा ठेवा ही विनंती, कारण त्यात वाचकांकडे काहीतरी मागितलंय.

माझं साताऱ्यात झेरॉक्स, स्टेशनरी आणि बायंडिंगचं दुकान आहे. आमचा बारा जणांचा वाचनकट्टा आहे, सहा वर्षं झाली, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी कुणा ना कुणाच्या घरी बसतो, चहा होतो, पोहे होतात आणि दोन अडीच तास पुस्तकावर बोलणं. कट्ट्यावर नर्स आहेत, एसटीतनं रिटायर झालेले काका आहेत, दोन गृहिणी, एक कॉलेजचा पोरगा, एक शेतकरी जे लिंब गावाहून येतात. पहिली दोन वर्षं आम्ही लहान पुस्तकंच घ्यायचो, दीडशे पानं, दोनशे पानं, महिन्यात उरकली की पुढचं. पुस्तकं चांगली होती, पण मोठी कादंबरी संपल्यावर महिना महिना जी माणसं डोक्यातनं जात नाहीत, तसं काही होत नव्हतं.

आता लोकांना जाड पुस्तक झेपत नाही हे मला पटतच नाही. आपल्याकडं शिवाजी सावंतांचं कर्णावरचं 'मृत्युंजय' १९६७ साली आलं, चांगलं जाडजूड पुस्तक, आणि आजही दहावीच्या सुट्टीत पोरं ते वाचून काढतात, आमच्या कट्ट्यातल्या बारापैकी दहा जणांनी वाचलंय. मग तीच माणसं आजकालची मोठी कादंबरी शंभराव्या पानावर का सोडतात? यावर आम्ही बरंच बोललो आणि मला तरी असं वाटतं की कर्णाची गोष्ट आपल्याला आधीपासूनच माहिती असते, रथाचं चाक रुतणार हे ठाऊक असतं, आपण फक्त ते कसं सांगितलंय ते वाचत असतो, त्यामुळं मधे आठ दिवस पुस्तक बाजूला राहिलं तरी बिघडत नाही. आजच्या काळावरच्या कादंबरीत तसा आधार नसतो. हा माणूस कोण, हा आपल्याला कुठं घेऊन चाललाय, ही मधेच आलेली आत्या परत येणार आहे का नाही, काहीच कळत नाही, आणि एकटा माणूस तिथं कंटाळतो किंवा हरवतो. म्हणूनच अशी पुस्तकं चार जणांत वाचायची असतात असं माझं ठाम मत झालंय, कारण आपण जिथं अडकतो तिथं दुसरा कुणीतरी पुढं गेलेला असतो.

पण हे शहाणपण आम्हाला एकदा आपटल्यावर आलं. तिसऱ्या वर्षी ठरवलं की यंदा मोठी कादंबरी घ्यायचीच, आणि घेतली भालचंद्र नेमाडेंची 'हिंदू'. नेमाडेंना २०१४ चं ज्ञानपीठ मिळालेलं, पुस्तक २०१० पासून गाजतंय, मग वाचायला पाहिजेच की, एवढ्याच कारणावर ठरलं. बाराजणांतल्या एकानंही ती आधी वाचलेली नव्हती! सहाशेच्या वर पानं, मुदत दीड महिना, आणि प्रती सगळ्या मिळून तीन, त्यातली एक वाचनालयाची. वाचनालयात पंधरा दिवसांची मुदत, उशीर झाला की दंड. पंधरा दिवसांत सहाशे पानं म्हणजे रोजची चाळीस झाली, कामधंदा करून रोज चाळीस पानं अशा पुस्तकाची कोण वाचणार? ठरलेल्या रविवारी पाचच जण आले. पूर्ण वाचून आले होते दोघं. आणि आमचे एसटीतले काका त्यानंतर चार महिने कट्ट्यावर आले नाहीत. फोन केला की पाय दुखतोय म्हणायचे. शेवटी मी घरी गेलो तेव्हा म्हणाले, अरे माझं वाचूनच झालं नाही, सगळ्यांसमोर काय तोंड घेऊन येऊ. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. पुस्तक निवडण्यात चूक आमची झाली होती आणि लाज त्यांना वाटत होती.

त्यानंतर निवडायची पद्धत बदलली. आता ज्याला पुस्तक सुचवायचंय त्यानं ते पूर्ण नाही तर निदान शंभर पानं वाचलेलं पाहिजे, आणि त्यानं बैठकीत त्यातली वीस-पंचवीस पानं मोठ्यानं वाचून दाखवायची. सुरुवातच पाहिजे असं नाही, कुठलीही. पुरस्कार, परीक्षणं, फेसबुकवर कोण काय म्हणालं, हे सगळं त्या वाचनानंतर. वीस पानं ऐकली की कट्ट्याला आपोआप कळतं. आम्ही दोन मोठ्या नावाजलेल्या कादंबऱ्या अशाच ऐकून सोडून दिल्या आणि त्याचं मला काही वाटत नाही, प्रत्येक चांगलं पुस्तक प्रत्येक कट्ट्यासाठी नसतं.

या पद्धतीनं पहिली निवडली ती विश्वास पाटलांची 'झाडाझडती', १९९१ ची, साहित्य अकादमी मिळालेली. तशी ती आता पस्तीस वर्षं जुनी, कॉलेजच्या पोराचं म्हणणं की ही कुठली आजची, पण धरणग्रस्तांचा विषय आपल्या जिल्ह्यात अजून मिटलाय का? कट्ट्यावर एक वहिनी आहेत, फारशा बोलत नाहीत. त्यांच्या माहेरचं मूळ गाव कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात गेलं, माणसं उठून रायगड जिल्ह्यात गेली, वहिनींचा जन्म त्यानंतरचा. गाव सोडण्याचा भाग वाचून झाला त्या रविवारी त्यांनी पहिल्यांदा सांगितलं की त्यांच्या आजीनं निघताना घराचा उंबरा उपसून घेतला होता. बाकी सामान नंतर आणू म्हणून राहिलं ते राहिलंच, पण उंबरा आला. नव्या जागी झोपडीला दार नव्हतं तरी आजी तो उंबरा पुढ्यात ठेवून संध्याकाळी त्याच्यावर हळदकुंकू वाहायची. वहिनी हे सांगत होत्या आणि चहा तसाच गार होत होता. एवढ्या वर्षांत आम्हाला त्यांचं माहेर कुठलं हेसुद्धा धड माहिती नव्हतं. दीडशे पानांच्या पुस्तकावर ही गोष्ट निघाली असती का, मला नाही वाटत. दोन-तीन महिने त्या गावातल्या माणसांबरोबर राहिल्यावर ती निघाली.

मग पुन्हा 'हिंदू' घेतली. यावेळी पाच महिने. सहाशे पानांचे पाच तुकडे केले की महिन्याला एकशेवीस, रोजची चार पानं, हे कुणालाही जमतं. आणि मागच्या वेळी जिथं सगळे अडकले होते, ती खानदेशातली बोली, तिच्यासाठी आमच्या नर्सताई धावून आल्या, त्यांचं माहेर यावलकडचं. त्यांनी कादंबरीच्या नायकाच्या, खंडेरावाच्या गावातल्या बायकांचं बोलणं मोठ्यानं वाचून दाखवलं, माहेरच्या हेलात, आणि जे आम्हाला कागदावर अवघड वाटत होतं ते एकदम जिवंत झालं, लिंबचे शेतकरी तर म्हणाले ही तर आमची चुलतीच बोलतीय. मोहेंजोदडोचं उत्खनन काय आणि त्या घरातली भांडणं काय, एकाच पुस्तकात कशाला, हा प्रश्न दुसऱ्या महिन्यात सगळ्यांना पडला होता, चौथ्या महिन्यात कुणी विचारला नाही. एसटीतले काका शेवटच्या पानापर्यंत आले. सगळ्यांना आवडली असं नाही, दोघांना अजिबात नाही आवडली आणि त्यांनी ती का नाही आवडली ते अर्धा तास सांगितलं, तेही पूर्ण वाचून.

आता माझ्या धंद्यातली गोष्ट. सगळ्यात मोठी अडचण म्हणजे प्रती. अशा कादंबरीची किंमत हजाराच्या घरात जाते, बाराजणांनी बारा घ्या म्हणणं शक्य नाही. मग मी माझी स्वतःची 'हिंदू' दुकानात नेली आणि तिचे तीन भाग केले. पुस्तक सोळा-सोळा पानांच्या फर्म्यांत छापतात, म्हणजे आठशे पानांचं पुस्तक म्हटलं की पन्नास फर्मे. कव्हर सोडवायचं, पाठीवरचा डिंक हळूहळू गरम करून काढायचा, आणि फर्मा जिथं संपतो बरोबर तिथंच पातं घालायचं, मधे घातलं तर पानं सुटतात. मग प्रत्येक भागाला शिवण, कापडी पट्टी, पुठ्ठा. एका प्रतीत एकाच वेळी तिघं वाचतात. कट्ट्यावर यावरनं भांडण झालं, पुस्तक कापायचं म्हणजे काय, एक ताई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांचा राग मला समजतो, मलाही पहिलं पातं घालताना हात जड झाला होता. पण वयस्कर माणसांना ते हलकं पुस्तक आडवं पडून वाचता यायला लागलं तेव्हा त्याच ताईंनी आपली प्रत आणून दिली. प्रकाशकांना माझं एवढंच सांगणं आहे की सातशे-आठशे पानांचं पुस्तक नुसत्या डिंकावर बांधू नका, मधे उघडलं की पाठ मोडते, शिलाई करा, आणि जमलं तर दोन खंड करा, टाइप जरा मोठा ठेवा. पन्नास रुपये जास्त देऊ आम्ही.

आणि वाचनालयांना हात जोडून विनंती. १९६७ च्या ग्रंथालय कायद्यानं अनुदान मिळतं ते पुरत नाही हे मला मान्य आहे, कर्मचाऱ्यांचे हाल मी जवळून बघतो. पण शंभर वेगवेगळ्या पुस्तकांच्या एकेक प्रती घेताना वर्षातनं एका मोठ्या, आजच्या कादंबरीच्या दोन प्रती जास्त घेता येणार नाहीत का? सातारा, कऱ्हाड, वाई, फलटण इथल्या चार वाचनालयांनी आपसात ठरवून दोन-दोन घेतल्या तरी आठ होतात, आणि त्या आठ प्रती एका कट्ट्याला चार महिने द्यायच्या, मग दुसऱ्या कट्ट्याला. दंड नको, फक्त कट्ट्याच्या नावानं एक खातं. जानेवारीत शाहू स्टेडियमवर ९९ वं साहित्य संमेलन झालं तेव्हा लोक पिशव्या भरभरून जाड जाड पुस्तकं नेत होते, मी बघितलंय. ती आता कपाटात उभी असतील. भिलारला २०१७ पासून घराघरात पुस्तकं आहेत, तिथं बसून कितीही वाचा, कुणी ऊठ म्हणत नाही, आम्ही 'झाडाझडती'ची शेवटची बैठक तिथंच एका ओसरीवर घेतली होती, पावसात. पण आठशे पानं वाचायला माणूस भिलारला किती दिवस राहणार, ती घरीच न्यायला मिळायला पाहिजेत.

तर मागणं असं. पुढच्या महिन्यापासून आम्ही रंगनाथ पठारेंची 'सातपाटील कुलवृत्तांत' सुरू करतोय, २०१९ ची, एका मराठा कुळाचा सातशे वर्षांचा पट आहे. लिंबच्या शेतकऱ्यांनीच सुचवली, पंचवीस पानं वाचून दाखवली, आणि हात वर करायला सांगायच्या आधीच ठरल्यासारखं झालं. पाच महिने धरलेत. प्रती चार जमल्या आहेत, आणखी दोन पाहिजेत. साताऱ्यात कुणाच्या घरी ती न वाचता पडलेली असेल तर आम्हाला दिवाळीपर्यंत द्या. तुमची प्रत कापणार नाही, खाकी कव्हर घालून जशीच्या तशी परत करू, आणि तुम्हाला स्वतःला वाचायची असेल तर पुस्तक घेऊन तुम्हीच या, तेराव्या माणसाला जागा आहे. ज्यांना द्यायची त्यांनी या पेपरच्या कचेरीत कळवावं, तिथनं निरोप मिळाला की मी स्वतः येऊन घेऊन जाईन.

आपला,
वाचनकट्ट्यातला एक वाचक, सातारा