दर्शनी भाग वाचला, प्रेक्षागृहाचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

जुन्या चित्रपटगृहांच्या जतनाचा विषय निघाला की चर्चा इमारतीच्या दर्शनी भागापाशीच घुटमळते. मुंबईच्या आर्ट डेको (१९३०च्या सुमारास रुजलेली भौमितिक, ठसठशीत वास्तुशैली) वास्तू २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांत ‘रीगल’ आणि ‘इरॉस’ही आहेत, याचा आपल्याला रास्त अभिमान वाटतो. मात्र या वास्तूंचे खरे वैभव आतल्या एका अखंड, प्रशस्त प्रेक्षागृहात असते आणि नूतनीकरणात पहिला घाव त्यावरच पडतो, याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र.

मरीन लाइन्सच्या ‘लिबर्टी’चेच पाहा. दक्षिण मुंबईतील आलिशान चित्रपटगृहे प्रामुख्याने इंग्रजी चित्रपट लावत, त्या काळी हबीब हुसेन यांनी हिंदी चित्रपटांसाठी तितकेच देखणे चित्रपटगृह बांधले आणि नुकत्याच मिळालेल्या स्वातंत्र्यावरून त्याचे नाव ठेवले. १९४९ मध्ये मेहबूब खान यांच्या ‘अंदाज’ने ते सुरू झाले. अंतर्सजावट वामन नामजोशी यांची. पुढे जयपूरचे ‘राजमंदिर’ चित्रपटगृहही त्यांनीच घडवले, आपली मंडळी तिथे हौसेने छायाचित्रे काढतात, पण नामजोशींचे नाव मात्र क्वचितच कोणाला ठाऊक असते.

‘हम आपके हैं कौन’ तिथे शंभरहून अधिक आठवडे चालला, तेव्हा मी आईला घेऊन गिरगावातून चालत गेलो होतो. डोअरकीपरने बॅटरीच्या उजेडात तिकीट फाडून अर्धा तुकडा हातात ठेवला आणि आम्ही बाल्कनीच्या पायऱ्या चाचपडत जागेवर बसलो. आजूबाजूचे कित्येकजण तो चित्रपट तिसऱ्या-चौथ्यांदा पाहत असावेत, कारण विनोद येण्याआधीच खाली स्टॉलमध्ये हशा पिके, क्षणभराने तो बाल्कनीत पोहोचे आणि त्या गदारोळात पुढचे दोन संवाद बुडून जात. त्याबद्दल कोणी कुरकुर करत नसे. हजारभर माणसांचे एकत्र हसणे दीडशे आसनांच्या खोलीत अनुभवता येत नाही, मग पडदा कितीही लखलखीत आणि खुर्ची कितीही मऊ असो.

१९३८ च्या ‘मेट्रो’चे २००६ मध्ये मल्टिप्लेक्स झाले. ‘इरॉस’ २०१७ मध्ये बंद पडले आणि २०२४ मध्ये आयमॅक्स पडद्यासह पुन्हा उघडले. चित्र आणि ध्वनी उत्तम आहेत, परंतु जिथे बाराशेवर आसने होती तिथे आता सुमारे तीनशे उरली आहेत. मालकांना दोष देण्यात अर्थ नाही. मंगळवारच्या मॅटिनीला बाराशे खुर्च्या भरायच्या कशा, या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही.

तरीही वारसा वास्तूंच्या यादीत नोंद करताना बाल्कनी, रंगमंच, छत आणि प्रेक्षागृहाचे मूळ आकारमान यांनाही संरक्षण मिळावे, तसेच अशा चित्रपटगृहांना नाटक, संगीत मैफली आणि चित्रपट महोत्सवांसाठी एकाच खिडकीवर, माफक शुल्कात परवाने मिळावेत, अशी विनंती आहे. सज्जे कायम ठेवून २०१६ मध्ये पुन्हा खुले झालेले ‘रॉयल ऑपेरा हाउस’ आज कार्यक्रमांनी गजबजते, तेव्हा ही मागणी अव्यवहार्य म्हणता येणार नाही. ‘लिबर्टी’च्या बाबतीत तरी हा निर्णय वेळेत व्हावा.

आपला,
एक प्रेक्षक, गिरगाव, मुंबई