अपडेटचा भुर्दंड बॅटरीला नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

ऑपरेटिंग सिस्टिमचे अपडेट सुरक्षेसाठी घ्यावेच लागते, त्याबद्दल दुमत नाही. पण अपडेटनंतर लॅपटॉपची झोप उडते आणि खापर मात्र बॅटरीवर फुटते, हे थांबायला हवे. रात्री झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी उघडावा तर चार्जिंग निम्म्यावर. बॅगेतून काढावा तर बूड चटका बसेल इतके तापलेले. दुरुस्तीला नेला की उत्तर ठरलेले : 'बॅटरी गेली, बदलून टाका.' कालपर्यंत तग धरणारी बॅटरी एका रात्रीत कशी गेली, हे कोणी विचारतच नाही.

पूर्वी झाकण लावले की लॅपटॉप 'एस३' अवस्थेत जाई. त्यात मेमरीला तेवढी वीज मिळे, बाकी जवळपास सारे बंद. २०१२ च्या विंडोज ८ पासून दुसरी पद्धत रुजत गेली. आज तिला मॉडर्न स्टँडबाय म्हणतात. यात स्क्रीन काळी होते, पण यंत्र पुरते झोपत नाही; मोबाइलसारखे अधूनमधून जागे होऊन मेल वगैरे पाहते. सगळे ड्रायव्हर, म्हणजे यंत्राचे एकेक भाग चालवणारे छोटे प्रोग्राम, नीट चालत असतील तर यात वावगे काही नाही. मात्र अपडेटबरोबर ग्राफिक्सचा किंवा वायफायचा ड्रायव्हर बदलला आणि तो नवा ड्रायव्हर बिघडलेला निघाला, तर झाकणाखाली यंत्र जागेच राहते. बंद बॅगेत उष्णतेला वाट नसते आणि लिथियम-आयन बॅटरी उष्णतेने लवकर म्हातारी होते. म्हणजे चूक सॉफ्टवेअरची, आणि हळूहळू बॅटरी खरोखरच कामातून जाते.

अपडेटनंतर सुरुवातीला सिस्टिम मागच्या मागे फायलींची नव्याने नोंद करत असते, तेव्हा एक-दोन दिवस जाऊ द्यावेत. तरीही फरक पडला नाही, तर विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवरून, म्हणजे आदेश टाइप करण्याच्या खिडकीतून, 'पॉवरसीएफजी' (powercfg) या आदेशाचा बॅटरी रिपोर्ट काढावा. त्यात मूळ क्षमता, आताची क्षमता आणि मागच्या नोंदीही दिसतात. अपडेटच्या आधीचा आणि नंतरचा आकडा जवळपास सारखा असेल, तर नवी बॅटरी घेण्याची घाई करू नये. 'स्लीप स्टडी' हा रिपोर्ट तर झाकण बंद असताना यंत्र कशामुळे जागे राहिले, तेही दाखवतो. तोवर झाकण लावल्यावर स्लीपऐवजी हायबरनेट होईल असे सेटिंग करावे. हायबरनेटमध्ये मेमरीतले सारे डिस्कवर उतरवून यंत्र बंद होते.

पण हे सारे वापरणाऱ्याने का शोधत बसावे? कंपन्यांनी अपडेट देतानाच वीजवापरात काय बदलले ते साध्या भाषेत सांगावे आणि आपण निवडलेल्या सेटिंगला हात लावू नये. विंडोजमध्ये मोठे अपडेट मागे घ्यायला साधारण १० दिवस मिळतात. त्रास लक्षात येऊन दुरुस्तीवाल्याकडे फेरी होईपर्यंत ते संपूनही जातात. ही मुदत किमान महिनाभराची करावी.

- एक वाचक