सगळ्या शब्दांचा अर्थ 'दुर्दैव' कसा काय हो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात एसएसएलसी (दहावी) आणि पीयूसीच्या (अकरावी-बारावी) मुलांसाठी इंग्रजी शब्दांची चौकट येते ती चांगली असते, आमच्या गल्लीतली पोरं कात्रणं काढून वहीत चिकटवतात. पण परवाच्या चौकटीत मिसफॉर्च्यून, मिसहॅप, कॅलॅमिटी, डिझास्टर, ट्रॅजेडी, अ‍ॅडव्हर्सिटी असे सगळे एकाखाली एक मांडून पुढं मोठा कंस आणि अर्थ एकच, 'दुर्दैव'. पोरं आता तसंच पाठ करायलीत. मी घरी शिकवणी घेतो म्हणून वह्या बघायला मिळतात, एकानं लिहिलंय चहा सांडला ही कॅलॅमिटी आणि दुसऱ्यानं पुरात घर वाहून गेलं त्याला मिसहॅप म्हटलंय!

अहो, मिसहॅप म्हणजे किरकोळ काहीतरी, बसमध्ये डबा उघडला आणि आमटी दप्तरात गेली, एवढंच. कॅलॅमिटी गावाच्या गाव गाठते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा एकदम चढल्या, चिकोडीपासून गोकाकपर्यंत आणि इकडं खानापुरात माणसं जनावरं घेऊन बाहेर पडली, ती कॅलॅमिटी. अ‍ॅडव्हर्सिटी तर एका दिवसात घडतच नाही, ते दिवस असतात, आमच्या वडगावात ज्यांचे माग बंद पडले त्यांना विचारा. आणि मॅच हरली की ट्रॅजेडी म्हणायचं टीव्हीवाल्यांनी सुरू केलंय ते सोडून द्या. 'हार्ड लक' हा शब्द हरलेल्याच्या पाठीवर हात ठेवून बोलायचा असतो, पण हल्ली वडील वारलेल्या घरच्या मोबाईलवरसुद्धा 'हार्ड लक' असा मेसेज जातो, पाठवणाऱ्याच्या मनात काही वाईट नसतं पण वाचणाऱ्याला कसं वाटत असेल.

तुम्ही म्हणाल एवढ्यासाठी पत्र कशाला. तर आपल्या बेळगाव भागात ही नुसती परीक्षेची गोष्ट नाही. सरकारी अर्ज एकतर कन्नडात नाहीतर इंग्रजीत, आणि ज्या घरात कन्नड लिहिता येत नाही तिथं पडलेल्या घराच्या भरपाईचा अर्जसुद्धा दहावीच्या पोराला बसवूनच लिहून घेतात. पोरगं तुमची चौकट पाठ करून बसलेलं, ते लिहितं 'ड्यू टू माय बॅड लक माय हाऊस फेल डाऊन'. आता बॅड लकला भरपाई कोण देणार? २०१९ ला पडलेल्या घरांची ए, बी, सी अशी वर्गवारी झाली होती ती भिंत किती पडली ते बघून, नशीब कुणी विचारलं नाही. अर्जात पाऊस कधी पडला, नदीचं पाणी कुठवर आलं, कुठली भिंत गेली, तलाठ्याचा पंचनामा झाला का, हे पाहिजे.

आणि खरी गंमत कायद्यात आहे. २००५ चा डिझास्टर मॅनेजमेंटचा कायदा आहे, त्यात डिझास्टर म्हणजे काय ते सांगताना कॅटॅस्ट्रॉफी, मिसहॅप, कॅलॅमिटी आणि ग्रेव्ह ऑकरन्स असे चार शब्द ओळीनं घातलेत (मिसहॅप तिथं काय करतोय देव जाणे, पण वकिलांना एक शब्द पुरत नाही), आणि पुढं ते कशामुळं घडलं तर निसर्गामुळं, माणसामुळं, अपघातानं किंवा निग्लिजन्समुळं, असं स्पष्ट लिहिलंय. निग्लिजन्स, म्हणजे हयगय! बळ्ळारी नाल्याचं पाणी भाताच्या शेतात घुसतं तेव्हा गाळ काढला होता का हा प्रश्न विचारता येतो, पण आपणच 'अनफॉर्च्युनेट' लिहून मोकळं झालो की विचारणार कुणाला. खड्ड्यात गाडी आपटून माणूस पडला तरी बातमीत 'दुर्दैवी अपघात', हे तुमच्या पेपरातसुद्धा येतं, राग मानू नका.

त्या जागी मुलांना हे शब्द आले कुठून ते सांगा ना, आवडीनं वाचतील. डिझास्टर इटालियनमधून आला, त्यात तारा दडलाय, वाईट तारा. म्हणजे आपल्याकडं ग्रह फिरले म्हणतात, बाजारात कन्नड बोलणारे 'ग्रहचार' म्हणतात, तेच. डिस्मल (उदास, निराश करणारा) हा शब्द लॅटिनमधल्या वाईट दिवसांवरून आलाय, जुन्या काळी युरोपातल्या पंचांगात महिन्याला दोन असे वर्षाचे चोवीस दिवस अशुभ धरलेले असायचे, त्या दिवशी नवीन काम काढायचं नाही. आपण राहुकाळ बघतो म्हणून हसणाऱ्यांना हे सांगायला पाहिजे. गॅसच्या टँकरवर हॅझर्ड, म्हणजे धोका, लिहिलेलं असतं तो मुळात फाशांचा एक खेळ.

एक जिंक्स, म्हणजे अपशकुनी, तेवढा जपून शिकवा. नवी सून आली आणि सासरी काही बिघडलं की तिला 'पांढऱ्या पायाची' म्हणायची घाण सवय आपल्याकडं आहेच, ती आता कुठं कमी व्हायलीय तर शिकलेली पोरं तेच जिंक्स म्हणून हसत हसत बोलायलीत. इंग्रजीत म्हटलं म्हणून त्या पोरीला कमी लागतं का?

तर पुढच्या वेळी प्रत्येक शब्दाला एक एक वाक्य द्या, जागा कमी पडली तर शब्द सहाऐवजी तीन द्या, चालेल. शेजारच्या पानावर राशीभविष्य अर्धं पान असतं, त्यातून दोन ओळी काढता येतील. आणि त्या चौकटीत उच्चार 'डिसास्टर' छापलाय तो 'डिझास्टर' करा, डिस्मल दिलात कधी तर तोही 'डिझ्मल' असा द्या, पोरं तुम्ही छापता तसंच बोलतात.

आपला नेहमीचा वाचक,
एक शिकवणीवाला, वडगाव, बेळगाव