खेळाडू गेला, तरी क्लब उघडा पडू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगमध्ये क्लब आपापसांत खेळाडूंची अदलाबदल कशी करतात, याचा गोव्यातील फुटबॉल चालवणाऱ्यांनी अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते. तो अंडाकृती चेंडूचा खेळ आपल्या फुटबॉलहून वेगळा असला, तरी व्यवहाराचा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे. तेथे करारबद्ध खेळाडू सोडताना क्लब पैसे घेत नाही. बदल्यात दुसरा खेळाडू घेतो किंवा नवोदितांच्या वार्षिक निवडीतील, म्हणजे ड्राफ्टमधील, क्रमांक घेतो. 1986 पासून चालत आलेल्या या ड्राफ्टमध्ये गुणतक्त्याच्या तळाशी राहिलेल्या क्लबला साधारणपणे आधी निवड करता येत असल्याने वरच्या क्रमांकाला मोठे मोल असते.

2007 मध्ये पर्थच्या वेस्ट कोस्ट क्लबाचा कर्णधार क्रिस जड याला आपल्या मेलबर्न शहरात परतायचे होते. तेथील कार्लटन क्लबाने त्याच्यासाठी जॉश केनेडी हा तरुण खेळाडू आणि ड्राफ्टमधील तिसरा व विसावा क्रमांक दिला. जडने 2010 मध्ये कार्लटनकडून खेळताना ब्राउनलो पदक, म्हणजे लीगमधील मोसमाच्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, मिळवले, तर केनेडी वेस्ट कोस्टसाठी सर्वाधिक गोल करणारा खेळाडू ठरला आणि 2018 च्या विजेत्या संघातही होता. कर्णधार गमावलेल्या क्लबाच्या हाती भविष्य उरले, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

तेथे खेळाडूच्या संमतीशिवाय अदलाबदल होत नाही. तरीही 2020 मध्ये वेतनमर्यादेच्या, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेच्या, ताणामुळे कॉलिंगवूडने अॅडम ट्रेलोरला, त्याचा करार बरीच वर्षे शिल्लक असताना आणि त्याची इच्छा नसताना, वेस्टर्न बुलडॉग्जकडे जायला लावले. तेवढा भाग आपण मुळीच उचलू नये.

आपल्याकडे सासष्टी-बार्देशातील गावच्या मैदानावर घडलेला मुलगा मोठ्या क्लबात जातो तेव्हा साऱ्या वाड्याला आनंद होतो, पण ज्या क्लबाने त्याला लहानपणापासून खेळवले, त्याच्या पदरात अनेकदा काहीच पडत नाही. म्हणून गोवा फुटबॉल संघटनेला माझी कळकळीची विनंती आहे की, राज्यातल्या राज्यात खालच्या श्रेणीतील खेळाडू घेणाऱ्या प्रो लीगच्या, म्हणजे राज्यातील सर्वोच्च श्रेणीच्या, क्लबाने मूळ क्लबाला एका मोसमासाठी आपला एखादा तरुण खेळाडू किंवा प्रशिक्षक द्यावा, असा नियम करावा, आणि खेळाडूची, तो अल्पवयीन असल्यास पालकांचीही, लेखी संमती संघटनेच्या प्रतिनिधीसमोर घ्यावी.

आपला,
एक फुटबॉलप्रेमी वाचक, मडगाव