गच्चीवरचं ऊन आणि बाटलीतला रंग

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शरीरसौष्ठव स्पर्धांचा मोसम आला की लालबाग-परळच्या गच्च्यांवर भर दुपारी अंगाला खोबरेल चोपडून पालथी पडलेली पोरं दिसू लागतात. गेल्या फेब्रुवारीत त्यांत माझा भाचाही होता. "मावशी, उन्हाचा बेस असल्याशिवाय कलर धरत नाही," असं त्याला व्यायामशाळेतल्या सीनियर मुलांनी सांगितलेलं. स्पर्धा चार दिवसांवर, पिण्याचं पाणी कमी केलेलं आणि हा दीड तास तापलेल्या लादीवर. उठताना भोवळ येऊन पाण्याच्या टाकीवर आपटला. स्पर्धेच्या आदल्या रात्री मीच त्याला स्पंजने बाटलीतल्या रंगाचे तीन हात दिले. पाठीवर झकास बसला, पण खांद्यांची सालपटं निघत होती तिथे नुसते चट्टे उठले. मंचावरच्या दिव्यांत कट्स, म्हणजे स्नायूंच्या रेषा, उठून दिसाव्यात म्हणून एवढा खटाटोप, आणि सगळ्यांच्या नजरेत भरले ते चट्टे!

मी त्वचा विभागात परिचारिका होते. कोड किंवा सोरायसिस असलेल्यांना आम्ही ३११ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांच्या यंत्रात उभं करायचो. डोळ्यांवर काळा चष्मा, नाजूक भाग झाकलेला, डोस मोजलेला, प्रत्येक खेपेची नोंद फाइलवर. "काल जरा लाल झालं होतं, सिस्टर," असं कुणी म्हणालं की त्या दिवशी डोस वाढवायचा नाही. आजारासाठी किरणं देतानाही आमचा हात एवढा आखडता असायचा. म्हणून गच्चीवरची ती पोरं बघवत नाहीत.

आता भाच्याला कुणीतरी सनबेडचं सुचवलं आहे. ऊन नको, घाम नको, दिव्याखाली पडून राहायचं. पण त्या दिव्यांतून बाहेर पडतात ती मुख्यतः यूव्हीए जातीची अतिनील किरणं, त्वचेत खोलवर शिरणारी आणि तिला अकाली सुरकुत्या पाडणारी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ साली ही यंत्रं कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे ज्यांनी कर्करोग होतो हे सिद्ध झालंय त्यांत, टाकली. सूर्याची किरणं १९९२ पासून त्याच गटात आहेत. ब्राझीलने २००९ मध्येच सनबेडवर बंदी घातली. आपल्या सावळ्या कातडीत मेलॅनिन जास्त, त्यामुळे गोऱ्यांइतका कर्करोगाचा धोका आपल्याला नाही, हे खरं. पण भाजणं, काळे डाग, मोतीबिंदू यांतून आपलीही सुटका नाही. ड जीवनसत्त्वाचं म्हणाल तर त्यासाठी दीड तास भाजून घ्यावं लागत नाही.

बाटलीतल्या टॅनची गोष्ट वेगळी. त्यात बहुधा डायहायड्रॉक्सिअ‍ॅसिटोन असतं, साखरेच्या जातीचं द्रव्य. त्वचेच्या सगळ्यात वरच्या, मृत थरातल्या अमिनो आम्लांशी त्याचा संयोग होऊन तपकिरी रंग येतो. करपलेल्या बिस्किटासारखा वास येतो, चादरी खराब होतात, पण आठवडाभरात तो थर झडतो आणि रंगही जातो. त्याला उन्हाचा बेस लागत नाही, उलट नितळ, न सोललेली कातडी लागते. मात्र अंग काळं दिसतंय म्हणून ऊन बाधणार नाही, असं मुलांनी समजू नये. हा रंग उन्हापासून राखत नाही.

स्पर्धेच्या प्रवेशपत्रिकेवर आयोजक चड्डीच्या रंगापासून सगळे नियम छापतात. त्यात एवढं जरूर घालावं: रंग फक्त बाटलीतला लावा, सनबेड नको, आणि पाणी कमी केलेलं असताना उन्हात पडू नका. मुलं आमचं ऐकत नाहीत, पण त्या कागदावरचं अक्षरन् अक्षर पाळतात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका, लालबाग, मुंबई